आईचे सहा गठ्ठे आणि माझा डेस्कटॉप

नवीन नोकरी लागली की पहिल्या दिवशी खुर्ची मिळते, ड्रॉवरची किल्ली मिळते आणि आधीच्या माणसाचा कॉम्प्युटर मिळतो. साताऱ्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी लागले तेव्हा माझ्या वाट्याला आलेल्या डेस्कटॉपवर गणपतीचा फोटो होता, पण आयकॉनच्या गर्दीतून फक्त सोंडेचं टोक दिसायचं. मोजले तर २१४ आयकॉन. त्यात ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’ आणि ‘न्यू फोल्डर खरा’ अशी भावंडंही होती.

हा लेख अशाच जागेवर बसलेल्यांसाठी आहे. चार-सहा जणांचं ऑफिस, आयटी विभाग वगैरे काही नाही, हार्डवेअरवाला फोन केल्यावर दोन दिवसांनी येणार. उदाहरणं माझ्या कामातली, म्हणजे जीएसटी, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि बँकेची कागदपत्रं अशी आहेत. दुकान, सोसायटीचं ऑफिस किंवा शाळा असली तरी फार फरक पडणार नाही.

पहिल्या आठवड्यात काहीच डिलीट करू नका

हात शिवशिवतात, कबूल आहे. पण नवीन माणसाला कुठली फाइल कचरा आणि कुठली जिवंत हे कळायला निदान एक महिनाअखेर बघावी लागते. तोवर एवढंच करा: एक्स्टर्नल हार्ड डिस्क मागून घ्या आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर जसेच्या तसे तिच्यावर कॉपी करून ठेवा. हे तिन्ही सहसा सी ड्राइव्हवर असतात. विंडोज बिघडलं आणि हार्डवेअरवाल्याने न विचारता फॉरमॅट मारला, तर सर्वांत आधी हेच जातं. डी ड्राइव्ह मात्र बरेचदा वाचतो. म्हणून कामाच्या फायली डेस्कटॉपवर ठेवायच्याच नाहीत, डी ड्राइव्हवर ठेवायच्या.

काही गोष्टींना हातसुद्धा लावू नका. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये १०००० किंवा १००००० अशा आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतील. ते कचऱ्यासारखे दिसतात, पण त्यातला एकेक फोल्डर म्हणजे एका पार्टीचे, म्हणजे ग्राहकाचे, अख्खे हिशेब. तो दुसरीकडे हलवला किंवा त्याचं नाव बदललं की टॅलीच्या यादीतून ती कंपनी गायब होते आणि ऑफिसात आरडाओरडा सुरू होतो. एक्सेलचंही तसंच. एक फाइल दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढत असेल आणि तुम्ही त्यातली एक हलवली, तर दुवा तुटतो.

आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो शॉर्टकट. शॉर्टकट उडवला तर फाइल जात नाही. उलट शॉर्टकट पेन ड्राइव्हवर कॉपी केला तर फाइल जातच नाही, फक्त तिचा पत्ता जातो. आमच्याकडे आलेला एक मुलगा ऑडिटसाठी पार्टीच्या कारखान्यात असा नुसता पत्ता घेऊन गेला होता, चाळीस किलोमीटर. दोष त्याचा नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळं एका खोलीत ढकला

कॉपी झाली, महिना उलटला, आता कामाला लागा. डी ड्राइव्हवर ‘जुना डेस्कटॉप’ आणि पुढे आजची तारीख अशा नावाचा एक फोल्डर करा. डेस्कटॉपवरचं सगळं, शॉर्टकट सोडून, त्यात हलवा. एकेक फाइल उघडून बघत बसू नका. मी बसले होते. दोन शनिवार गेले आणि चाळीस फायली मार्गी लागल्या.

पुढे काम करताना ज्या फाइलची गरज पडेल ती त्या खोलीतून बाहेर काढायची आणि जागच्या जागी ठेवायची. सहा महिन्यांत जिला कुणी हाक मारली नाही, तिची गरज काय हे विचारायला मग हरकत नाही. पण ते विचारायचं कसं, यासाठी आधी ‘जागच्या जागी’ म्हणजे कुठे हे ठरवावं लागतं. इथे मला आई उपयोगी पडली.

सहा गठ्ठे

आई पंचायत समितीतून निवृत्त झाली. माझं डेस्कटॉपचं रडगाणं ऐकून तिने भाजी निवडता निवडता विचारलं, “तुमच्याकडे गठ्ठे नाहीत का?” महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. कारकुनाच्या टेबलावरचं दप्तर सहा भागांत लावायचं: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गाची कागदं. सरकारी दप्तराला आपण हसतो, त्याला कारणंही आहेत. पण अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १९८०च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची मांडणी आणि दप्तर ज्या रीतीने लावून दाखवलं, त्याला पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणू लागले. म्हणजे कागद नीट लावण्याचा विचार आपल्याकडे बराच झालेला आहे. तो टेबलावरून कॉम्प्युटरवर तेवढा आला नाही.

मी डी ड्राइव्हवर सरळ सहा फोल्डर केले आणि नावाआधी १ ते ६ आकडे टाकले, म्हणजे क्रम हलत नाही.

१. प्रलंबित. ज्या कामात चेंडू माझ्याकडे आहे तेवढंच इथे. आज-उद्या मला हात लावायचा आहे अशी कामं. यात पंधरा-वीसपेक्षा जास्त फोल्डर साठले की समजायचं, कुठेतरी फसवाफसवी चालली आहे.

२. प्रतीक्षेत. हा गठ्ठा नसल्यामुळेच माझा बहुतेक गोंधळ होत होता. पार्टीने बँक स्टेटमेंट दिलेलं नाही, सरांची सही बाकी आहे, नोटिशीला उत्तर दिलं पण पुढचं पत्र आलेलं नाही, अशी कामं माझ्या हातात नसतात. ती प्रलंबितमध्ये ठेवली तर रोज नजरेला टोचतात, अभिलेखात टाकली तर विसरली जातात. फोल्डरच्या नावातच कुणाची वाट आहे ते लिहायचं: ‘शिंदे ट्रेडर्स, बँक स्टेटमेंट, ५ तारखेला फोन केला’. दर सोमवारी हा फोल्डर उघडायचा आणि वरून खाली फोन करत जायचं. पार्ट्यांना वाटतं माझी स्मरणशक्ती दांडगी आहे.

३. नियतकालिक. ठरलेल्या तारखेला परत परत येणारं काम. आमच्याकडे महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ला पीएफ आणि ईएसआय, २०ला ३बी (कर भरायचं जीएसटी विवरण, जीएसटीआर-३बी). तुमच्याकडे पगारपत्रक असेल, मेंटेनन्सची बिलं असतील. इथे वर्षाचा फोल्डर आणि आत बारा महिन्यांचे बारा. एप्रिलला ०१ आकडा द्यायचा की ०४, यावर ऑफिसात भांडण होईल. मी ०४च्या बाजूने आहे. काहीही ठरवा, पण सगळ्यांनी एकच.

४. स्थायी. लेटरहेड, कोरे नमुने, परिपत्रकं, अधिकारपत्राचा मसुदा, टीडीएसच्या दरांचा तक्ता. यातली फाइल थेट उघडून त्यावरच टाइप करायची नाही, कॉपी काढून वापरायची. नाहीतर कोऱ्या नमुन्यात मागच्या पार्टीचा पॅन राहतो आणि तो पुढच्याच्या अर्जावर छापला जातो. हे सांगताना मी कुणाकडे बघत नाहीये.

५. अभिलेख. काम संपलं की इथे. आधी पार्टी, आत वर्ष, आत विषय. बस, तीनच पायऱ्या. हौसेने सात-आठ पायऱ्या आत गेलात तर शोधणं अवघड होतंच, शिवाय विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की अजूनही बऱ्याच ठिकाणी फाइल उघडत नाही, कॉपी होत नाही.

६. ड. नष्ट करायचं ते. याचं पुढे वेगळं बोलू, कारण इथेच नवीन माणसं अडकतात.

नावात तारीख उलटी का लिहायची

फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. चांदणी, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब हेही विंडोज घेत नाही. त्यामुळे लोक ११.०७.२०२५ असं टिंब देऊन लिहितात. पण कॉम्प्युटर नावं डावीकडून वाचत लावतो. मग ०१.०४.२०२५च्या शेजारी ०१.०५.२०२४ येऊन बसते आणि दोन वर्षांच्या फायली एकमेकींत मिसळतात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहा: २०२५-०७-११. काहीही न करता फायली काळाच्या क्रमाने लागतात.

नावाचा साचा माझा असा: तारीख, पार्टी, कागद, अवस्था. ‘२०२५-०७-११ शिंदे ट्रेडर्स जीएसटीआर१ पोच’. मी प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहिते. मराठी नावं विंडोजला चालतात, पण काही सरकारी पोर्टल अपलोड करताना अशा फायली परत करतात. नावातल्या शब्दांमध्ये जागेऐवजी खालची रेघ दिलीत तर उत्तम. नाव बदलायला उजवं बटण शोधत बसू नका. फाइल निवडा, एफ२ दाबा.

आणि ‘फायनल’ हा शब्द नावातून हद्दपार करा. माझी गोष्ट सांगते. एका पार्टीच्या सीसी लिमिटचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जमर्यादेचं) रिन्यूअल होतं. बँकेला सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठी लागणारे धंद्याचे आकडे, पाठवायचा होता. माझ्याकडे तीन फायली: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल सरांनी बघितलेली’. मी तिसरी पाठवली. सरांनी ती बघितली होती हे खरंच, बघून त्यातला स्टॉक चुकला म्हणून दुरुस्त करायला सांगितला होता आणि दुरुस्त केलेली ‘फायनल नवीन’ होती. चार दिवसांनी बँकेतून फोन आला, “मॅडम, स्टॉक स्टेटमेंटशी जुळत नाहीये.” सर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून व१, व२, व३ असे आकडे, आणि जी बाहेर गेली तिच्या नावापुढे ‘पाठवली’. ‘पाठवली’ लिहिलेल्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. बदल करायचा तर नवी आवृत्ती.

स्कॅन केलेल्या कागदांना तर नाव हाच आधार आहे. ती पीडीएफ म्हणजे आत फोटोच असतो, त्यातला मजकूर विंडोजच्या शोधात सापडत नाही. जुनी मराठी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील तर तीही सापडत नाहीत. त्या फाँटच्या खाली कॉम्प्युटरला मराठी दिसतच नाही, भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत, टाइप केलेलं सापडतं. नवीन पत्रं तरी युनिकोडमध्येच करा.

व्हॉट्सअ‍ॅप नावाचा उकिरडा

आता खरी लढाई. निम्मी कागदं आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि त्यांची नावं डीओसी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे अशी असतात. पार्टी दुकानात उभी राहून बिलाचा फोटो काढते, बोटाची सावली बिलावर, आणि खाली “मॅडम बघून घ्या”. अशा वेळी एकच नियम पाळा: फाइल उतरवली की उघडायच्या आधी नाव बदलायचं आणि गठ्ठ्यात टाकायची. ‘नंतर चॅटमधून काढून घेऊ’ म्हणू नका. फार दिवस झाले की ती फाइल उतरतच नाही आणि पुन्हा पाठवा म्हणायची वेळ येते.

क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स या भागात, प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारण्याचा पर्याय असतो. तो चालू करा. पहिले दोन दिवस वैताग येतो. नंतर डाउनलोड्स फोल्डर वाढायचाच थांबतो.

आधार आणि पॅनच्या प्रतींबद्दल थोडं कडक बोलते. माझ्या त्या डेस्कटॉपवर कुणाकुणाचे आधार कार्डाचे फोटो उघडे पडले होते, काही तर अशा लोकांचे की जे आता आमच्याकडे येतही नाहीत. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या आधारचा फोटो असा कुणाच्या डेस्कटॉपवर पडलेला तुम्हाला चालेल का? काम झालं की प्रत ठेवायची गरज आहे का ते सरांना विचारा, नसेल तर काढून टाका. आणि जिथे चालत असेल तिथे मास्क केलेलं आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

ईमेलचं थोडक्यात: इनबॉक्स हा अभिलेख कक्ष नव्हे, जोडलेली फाइल काढून गठ्ठ्यात ठेवा. जीमेलच्या फुकट १५ जीबीमध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा असतो. ऑफिसच्या खात्याला कुणी आपला मोबाइल जोडून लग्नाचे फोटो चढवले की जागा भरते आणि पार्ट्यांचे मेल परत जायला लागतात. हे घडलेलं आहे.

‘ड’ गठ्ठा कुणी रिकामा करायचा

सरकारी दप्तरात कागदाचं आयुष्य ठरलेलं असतं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं, ‘ड’ १ वर्ष. आपल्याकडे तसं कुणी ठरवून दिलेलं नसतं असं वाटतं, पण बरंचसं असतं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. म्हणजे २०२४-२५चं वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२५ला, तर त्या वर्षाची बिलं आणि वह्या ३१ डिसेंबर २०३१पर्यंत. अपील चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष, यातलं जे उशिराचं ते. कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षांच्या वह्या. त्यामुळे ‘जुनं आहे’ म्हणून काही उडवू नका.

नवीन माणसाने स्वतःच्या अधिकारात काय उडवायचं? इन्स्टॉल करून झालेल्या सेटअप फायली. (माझ्याकडे एनीडेस्कच्या, म्हणजे दुरून कॉम्प्युटर हाताळायच्या सॉफ्टवेअरच्या, अकरा होत्या, कारण दर वेळी हार्डवेअरवाला “डाउनलोड करा” म्हणायचा.) नावापुढे कंसात १, २ असलेल्या प्रती, पण आकार आणि तारीख ताडून. स्क्रीनशॉट. संपलेल्या सणांच्या शुभेच्छा. बाकी सगळं ‘ड’ फोल्डरमध्ये आणायचं, यादी करायची, सरांना दाखवायची, त्यांनी खूण केली की मगच काढायचं. जागा कमी पडत असेल तर फोल्डर तपशिलात उघडून आकाराप्रमाणे लावा, मोठे मासे वर येतात. आमच्या वरच्या दहांत सात टॅलीचे जुने बॅकअप आणि एक अख्खा मराठी सिनेमा निघाला. तो कुणाचा हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

बॅकअप

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. हा जुना आणि चांगला नियम आहे. नवीन लोकांचा घोटाळा एवढाच होतो की गूगल ड्राइव्हला जोडलेला फोल्डर म्हणजेच बॅकअप असं ते धरून चालतात. इथे फाइल उडवली की तिथेही उडते, आणि तिथली कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फायलीच वर चढतात. म्हणून हार्ड डिस्कवर वेगळी प्रत, आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात. कायम लावून ठेवलेल्या डिस्कला तोच व्हायरस लागतो. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडूनही बघा.

जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो. ज्याने ही तारीख निवडली तो आपल्याकडच्या हिशेबाच्या ऑफिसात बसलेला नसणार.

आम्ही २१ तारीख धरली आहे. २०ला ३बी भरून झालेलं असतं, २१ला सकाळी फोनही कमी. त्या दिवशी अर्धा तास: प्रलंबितमधलं संपलेलं अभिलेखात, डाउनलोड्स रिकामा, ‘ड’ची यादी सरांच्या टेबलावर, डिस्कवर प्रत. सहा गठ्ठ्यांची नावं आणि फाइलच्या नावाचा साचा एका कागदावर छापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, माझ्यानंतर या खुर्चीवर येणाऱ्यासाठी.

गणपती आता पूर्ण दिसतो. डेस्कटॉपवर शॉर्टकट सोडून एकच फाइल उरली आहे, आईच्या पेन्शनचा हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरला लागतो, तिसऱ्या गठ्ठ्यात टाक, असं तिने दोनदा सांगून झालंय.